यकृताची रजा

"मधी पडदा लावा," विजयमालाबाई म्हणाल्या. "त्याबिगर मी आडवी व्हायची न्हाई."

सिस्टर रूथच्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्या हातात नळी. आजाऱ्याला निरोगी माणसाच्या रक्ताशी जोडणाऱ्या मिरजेच्या साथ-केंद्रात तिनं तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली होती. कुणी सुई बघून पळालं होतं, कुणी स्वतःच्या पोटातलं भिंतीवर बघून घेरी येऊन पडलं होतं. पण रक्ताची जोडणी करायला येऊन वर पडदा मागणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटत होती.

"मावशी, पडदा लावला तर मी दोघांवर लक्ष कसं ठेवू?"

"ते तुमचं तुमी बघा. जावई हाय माझा. लगीन झाल्यापास्नं त्यांच्यासमोर मी खुर्चीत बसले न्हाई, डोईवरचा पदर ढळू दिला न्हाई. आन् आता शेजारी खाट टाकून झोपू व्हय?"

पलीकडच्या खाटेवरून बारीक आवाज आला, "लावा ओ सिस्टर पडदा. मामींचा शब्द मोडू नका."

हा धैर्यशील. एके काळी गडी असा होता, की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं फळकं एकटा उचलायचा. आता पोट माठासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळेधमक.

शेवटी पडदा लागला. त्याच्या खालून नळ्या गेल्या. आणि ज्या सासू-जावयांनी आजवर एकमेकांशी धड चार वाक्यं सरळ बोलली नव्हती, ती दोघं एकाच यंत्राला जोडली गेली.

आता ही बाई इथं येऊन पडली कशी, ते सांगायला हवं. सांगलीच्या गावभागात विजयमालाबाईंचा मिरची कांडपाचा डंक होता. रस्त्यानं बिनड्रायव्हरचे उसाचे ट्रक धावू लागले, शेतांवर ड्रोन घिरट्या घालू लागले, तरी चटणी डंकावरच कुटलेली पाहिजे हा हट्ट सांगलीकरांनी सोडला नव्हता. बाईंचा नवरा लवकर गेला. मिरचीच्या खकाण्यात उभं राहून त्यांनी एकुलत्या एका लेकीला, अनुजाला, वाढवलं आणि कुपवाडला ट्रॉल्या बनवणाऱ्या धैर्यशीलला दिलं. पोरगा कामाला वाघ, बोलायला गोड. सगळं छान होतं, दारू सोडून.

दारूला कारण काय म्हणाल, तर काही नाही. आधी ट्रॉली वेळेवर गेली म्हणून प्यायचा, मग वेळेवर गेली नाही म्हणून. संध्याकाळची दुपारवर आली, दुपारची सकाळवर. शपथा झाल्या, दारू सोडवणारी केंद्रं झाली, विजयमालाबाईंनी अनुजाकरवी शिव्या पोचवून झाल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एक दिवस वर्कशॉपमध्येच भडाभडा रक्त ओकला, तेव्हा त्याला उचलून मिरजेला आणलं.

डॉक्टर तबस्सुम बागवान यांनी त्याच्या पोटावर ओल्या फडक्यासारखी एक पातळ चादर अंथरली. तिच्यातून न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी आत जायच्या, आपटून परत यायच्या, आणि समोरच्या भिंतीवर आतला अवयव जिवंत उमटायचा. धैर्यशीलचं यकृत उमटलं. सुकलेल्या कारल्यासारखं होतं ते, गाठीगाठींचं, आक्रसलेलं, पांढरट दोऱ्यांनी जागोजागी आवळलेलं.

फरक कळावा म्हणून डॉक्टरांनी तीच चादर विजयमालाबाईंच्या पोटावर टाकली. भिंतीवर दुसरं यकृत आलं. तांबूस काळं, भरदार, गुळगुळीत, श्वासाबरोबर वरखाली होणारं. डॉक्टरांनी ते आणखी मोठं केलं. आत रक्ताच्या नद्या, नद्यांना ओढे, ओढ्यांना पाट, आणि पाटांच्या दोन्ही काठांनी पेशींच्या ओळीच्या ओळी, नजर पोचेल तिथवर. प्रत्येक पेशी कशात तरी गुंतलेली. काहीतरी घेत होती, फोडत होती, बांधत होती, पुढं ढकलत होती. कुठं गडबड नाही, कुठं थांबणं नाही. बाई आ वासून बघत राहिल्या.

"हे माझं?"

"तुमचंच. उजव्या बरगडीखाली असतं."

"आन् हे असंच चालू असतंय? मी झोपले तरी?"

"झोपलात तरी, भांडलात तरी," डॉक्टर हसल्या.

बाईंनी नकळत उजव्या कुशीवर हात ठेवला. इतकी वर्षं हे आपल्याबरोबर आहे आणि आपण कधी साधी विचारपूससुद्धा केली नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना खरंच लाजल्यासारखं झालं.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात येतं. दारू आली की यकृत तिचं पहिल्यांदा एक जहाल विष बनवतं, दारूपेक्षा वाईट, आणि लगोलग त्या विषाचं साधं आम्ल करून टाकतं. थोडी असेल तर निभतं. वर्षानुवर्षं रोज ओतत राहिलं की विष मागं उरतं. पेशींमध्ये चरबी भरते. तिथवर थांबलं तर काही आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं होतं, इतकं ते दिलदार. नाही थांबलं तर सूज येते. आणि सूज टिकली की चांदणीच्या आकाराच्या काही पेशी जाग्या होतात.

"या इथं बघा. एरवी जीवनसत्त्वाची शिदोरी पोटाशी धरून झोपलेल्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "जखम दिसली की उठतात आणि ती भरायला धागे विणू लागतात. पण जखम रोजची, म्हणून विणणंही रोजचं. शेवटी सगळं यकृत धाग्यांत आवळलं जातं. आणि गंमत बघा, एवढं होईस्तोवर ते हूं की चूं करत नाही."

"चाळणीला वेल्डिंग मारत गेल्यासारखं झालं हे," धैर्यशील अंथरुणातून पुटपुटला. "चीर बुजते, पण भोकंही बुजतात."

"अगदी तसंच."

"मग ग्राइंडर लावून काढा की ते."

"काढता येतं. त्या पेशींना परत झोपवणारं, धागे विरघळवणारं औषध आता आलंय. आणि यकृतासारखा वाढणारा अवयव अंगात दुसरा नाही. चांगलं यकृत निम्म्याहून जास्त कापून टाका, काही महिन्यांत भरून येतं. पण तुमचं यकृत आधीच जेमतेम काम रेटतंय. राबायचं आणि बरंही व्हायचं, दोन्ही त्याला झेपत नाही. त्याला रजा पाहिजे. आणि त्याची शेकडो कामं कुठल्या यंत्राला येत नाहीत. म्हणून दुसऱ्या माणसाचं यकृत बदलीवर घ्यायचं. दिवसाआड, काही तास."

बदलीची ही सोय म्हणजे साथ-यंत्र. काचेच्या बरणीएवढ्या भांड्यात केसाहून बारीक अशा हजारो पोकळ नळ्या. नळ्यांच्या आतून आजाऱ्याचं रक्त वाहायचं, बाहेरून साथीदाराचं. नळीच्या भिंतीतून रक्ताची पेशी जायची नाही, मोठं काहीच जायचं नाही, म्हणून रक्तगट जुळायची भानगड नव्हती. फक्त अंगातले विषारी बारीक कण पलीकडं झिरपायचे, आणि पलीकडचं निरोगी यकृत ते आपलेच समजून निस्तरायचं. दोन रक्तं एकमेकांना शिवत नव्हती, तरी एकाचा भार दुसऱ्यावर जात होता.

यंत्र निघालं तेव्हा आधी श्रीमंतांनी त्याचा तमाशा केला. रात्री ढोसायची आणि सकाळी भाड्याचा साथीदार शेजारी झोपवून साफ व्हायचं! गाडी सर्व्हिसिंगला टाकावी तसं. त्या साथीदारांपैकी काही तरणीताठी पोरं दारूचा थेंब न पिता आजारी पडली, तेव्हा कुठं कायदा आला. साथ द्यायची ती नात्यातल्या माणसानं, फुकट आणि राजीखुशीनं. आणि साथीदारानं कधीही 'बास' म्हटलं की बास, कारण विचारायचं नाही.

मग कोण देणार साथ? अनुजाला लहानपणी कावीळ होऊन गेलेली, ती नियमात बसेना. धैर्यशीलच्या भावाला नेमका तेव्हाच कारखान्याचा हंगाम आठवला. त्याच्या ग्लासाला ग्लास लावणारे तर असे गडप झाले, की जणू जन्मलेच नव्हते. अनुजा एक दिवस डंकाच्या दारात येऊन उभी राहिली.

"तू मला विचारू नगंस," विजयमालाबाई म्हणाल्या. "विचारलंस तर मी न्हाई म्हणंन." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या मिरजेला गेल्या.

अशी ती पडद्याआडची साथ सुरू झाली. सुरुवातीला सगळा कारभार सिस्टर रूथमार्फत चालायचा. "सांगा पाव्हण्यांना, सारखं कुशीवर वळू नका म्हणावं, नळीला ओढ बसतीया." त्यावर पलीकडून, "सांगा मामींना, चुकलं म्हणावं." रूथ बिचारी दोन हातांवर असलेल्या माणसांचे निरोप पोचवून थकायची. बाईंना घरी गेल्यावर सडकून भूक लागायची, दुपारी गाढ झोप यायची. दोघांचं काम एकटीच्या अंगावर पडलं होतं ना!

पण भिंतीवर जे दिसू लागलं, त्यानं पडदा आधी अर्धा सरकला. कारण बाईंना ते बघायचं असायचं. धैर्यशीलच्या यकृतातले पांढरे दोरे कडेनं विरत चालले होते. एखाद्या बुजलेल्या पाटात अचानक रक्त शिरायचं, त्याच्या काठानं काही दिवसांत नव्या पेशींची रांग उभी राहायची, आणि रांगेत बसल्या बसल्या त्या कामाला लागायच्या. कुणी शिकवायला नाही, कुणी हुकूम सोडायला नाही. एवढा मार खाऊनसुद्धा त्याला बरं व्हायचं होतं! विजयमालाबाईंच्या अंगावर सरसरून काटा यायचा.

"ह्यांना कोण सांगतंय ओ, हिथं बसा, तिथं बसा?" त्यांनी एकदा विचारलं.

"ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," डॉक्टर बागवान म्हणाल्या. "आम्ही फक्त रजा मिळवून दिली. पण एक ध्यानात ठेवा. त्या चांदणीच्या पेशी झोपल्यात खऱ्या, पण त्यांची झोप आता सावध आहे. एकदा जागरण झालेलं त्या विसरत नाहीत. दारूचा वास आला, तर पहिल्यापेक्षा लवकर उठतील."

धैर्यशीलनं मान हलवली. त्याचं पोट उतरलं होतं, डोळे निवळले होते. दर वेळी आत येताना नळकांड्यात फुंकर मारावी लागायची, दारू आहे की नाही ते कळायला. इतक्या महिन्यांत त्याची फुंकर एकदाही वाईट आली नव्हती.

मग भाद्रपद आला. पितरांचा पंधरवडा. त्या दिवशी धैर्यशील घरचा म्हाळ उरकून आला होता. कपाळाला गंध, अंगात धुतला सदरा. केंद्रातली निम्मी माणसं आपापल्या घरच्या म्हाळाला गेलेली, सिस्टर रूथ एकटी चार खाटा सांभाळत होती. तिनं त्याचा चेहरा बघितला, गंध बघितलं आणि नळकांडं पुढं केलंच नाही. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं.

थोड्या वेळानं विजयमालाबाईंचे कान गरम झाले. मग गाल. मग पायांच्या तळव्यांतून गुदगुल्या चढत आल्यासारखं वाटलं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हा पंखा असा का ओ मुरडतोय?" आणि स्वतःच फिसकन हसल्या.

रूथला वाटलं, बाई आज खुशीत आहेत. पण हसू थांबेना. बाईंनी मोकळ्या हातानं पडदा धरला आणि टरकन बाजूला ओढला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, त्याची शुद्ध नाही.

"ए धैर्यशील!"

सासूनं जावयाला एकेरीत हाक मारली होती.

"बघ हिकडं. तोंड का लपवतोस? पहिल्या दिवाळसणाला माझ्या दारातल्या रांगोळीवर झोपला व्हतास तू, आठवतंय? मी आजूबाजूच्या बायकांना सांगितलं, पाव्हण्यांना पित्त झालंय. मी! जिनं जल्मात खोटं सांगितलं न्हाई!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "आन् अनुजाच्या हातावर डाग हायत. मला म्हणती तव्याचे हायत. आरं, उभा जल्म चुलीपुढं काढला मी. तव्याचा डाग येगळा आन् ठिणगीचा येगळा. तू लोळत पडायचास आन् तुझ्या ट्रॉल्या माझी लेक जोडायची. कळतं मला सगळं. बोलले न्हाई. सासूनं बोलू नये म्हणं!"

"मामी," धैर्यशील पुटपुटला.

बाईंचा सूर एकाएकी उतरला. "पर एक सांग. हे एवढं सोपं असतंय व्हय रं? एवढं हलकं? तुझं सासरं गेल्यापास्नं छातीवर पाटा ठेवल्यागत व्हतं मला. आज कुणीतरी उचलला बघ. कुणी उचलला?"

आणि तेव्हा रूथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती धावत यंत्राकडं झेपावली, चिमटे लावले, नळ्या बंद केल्या. सगळे विजयमालाबाईंकडं बघत होते. त्यांनी दारूच्या बाटलीला उभ्या जन्मात बोटसुद्धा लावलं नव्हतं. जावयानं प्यालेली दारू सासूला चढली होती. धैर्यशील भिंतीकडं तोंड करून हुंदके देत होता.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या त्या अनुजाला घेऊन. डोकं ठणकत होतं, तोंड कडू पडलं होतं. सिस्टर रूथनं हात जोडून माफी मागितली. डॉक्टर बागवान यांनी भिंत उजळली.

धैर्यशीलचं यकृत आलं. निवळत आलेल्या पाटांच्या कडेनं चांदणीच्या पेशी उठून बसल्या होत्या. सगळ्या नव्हे, पण पुष्कळ. काहींनी धागा काढायला सुरुवातसुद्धा केली होती. एका दिवसात!

मग विजयमालाबाईंचं आलं. तसंच भरदार, तसंच मुकाट कामात. "काल यांच्या अंगातली निम्म्याहून जास्त दारू तुमच्या यकृतानं जाळली," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्याकडून येत होती, हे जाळत होतं. एवढ्या वेगानं, की मी रात्रभर आकडे परत परत तपासले. तुमचं यकृत या महिन्यांत थोडं वाढलंय मावशी. दोघांचं काम आहे असं समजून ते दोघांपुरतं झालंय."

"मला न इचारता?"

"ते विचारत नाही. कुणाचं आहे, का आलं, काही बघत नाही. आलं की निस्तरतं."

"म्हंजे माझ्या पोटात एक सून बसलीया म्हणा की," बाई हळूच म्हणाल्या. "बोलत काय न्हाई, नुसती राबतीया."

डॉक्टरांनी मग नियम सांगितला. दारू सापडली की साथ आपोआप थांबते. साथीदारानं समोर येऊन पुन्हा 'हो' म्हटलं तरच चालू होते. नाही म्हटलं तर धैर्यशीलला स्वतःच्या यकृतावर सोडायचं, आणि ते यकृत अजून एकट्यानं दिवाळी गाठण्याजोगं झालेलं नव्हतं.

"नको आई," अनुजा म्हणाली. "बास झालं. माझ्यावर ओतली तोवर मी सोसली. पण तुझ्या रक्तात दारू घातली त्यानं. आता मीच सोडलं. तू नाही म्हण."

विजयमालाबाई लेकीकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांना जे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, ते आज ती बोलली होती. आणि आज ते ऐकून त्यांना जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"तुमी समद्या भाईर बसा," त्या म्हणाल्या. "मला पाव्हण्यांशी बोलायचंय."

धैर्यशील खाटेच्या कडेला मान खाली घालून बसला होता. बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसल्या. "काय झालं ते सांगा. खरं सांगा. खोट्याचा मला वास येतोय, चटणीत भेसळ वळखती मी."

त्यानं सांगितलं. त्याचा बाप दारूनंच गेलेला. दरवर्षी म्हाळाला बापाच्या पानात भात-वड्यांबरोबर एक क्वार्टर ठेवायची, ही घरची रीत. यंदाही ठेवली. पान वर पत्र्यावर ठेवलं, पण कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, सगळी भावकी उपाशी खोळंबली. तेव्हा थोरला चुलता म्हणाला, लेका, बापाला एकट्याला पाजतोस होय? तू संगतीला बसत नाहीस म्हणून रुसलाय तो. तळहातावर घोटभर तीर्थ घे, मग बघ.

"घेतलं मी. दारू म्हणून नाही मामी, तीर्थ म्हणून. आणि घेतल्याबरोबर कावळा आला ओ!"

"आन् बाकीची?"

"कावळा आला तेव्हा वाटलं, बापानं जवळ घेतलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते जाईल याची भीती वाटली. मग ते जाऊ नये म्हणून सगळी संपवली. आणि तुमच्या शेजारी येऊन पडलो. तुमच्यात जाईल हे डोक्यातच आलं नाही. आपण पितो ते आपल्यातच राहतं, असं वाटायचं मला."

"कावळ्याला भूक लागली तवा तो आला," बाई म्हणाल्या. "तुमच्या बापाचं ह्यात काय न्हाई."

"होय मामी."

"आता माझं ऐका. आज सकाळी उठले, डोस्कं फुटत व्हतं, लाज वाटत व्हती. डंक चालू केला. आन् मनात काय आलं ठावं हाय? कालच्यागत हलकं वाटलं पायजे परत. एकदाच. मला, पाव्हणं! एका दिसात!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "इतकी वर्षं मी म्हणायची, मनात आणलं तर सुटंल, माणूसच नाठाळ हाय. आज मला भ्या वाटलं. तुमचं न्हाई, माझंच."

धैर्यशीलनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"म्हणून सांगते. मी हो म्हणणार हाय. लेकीसाठनं आले व्हते, आता तिच्या मनाविरुद्ध ऱ्हाते. पर आजपास्नं मधी पडदा न्हाई. आन् प्यायचं मन झालं की मला सांगायचं. अनुजाला न्हाई, देवाला न्हाई, मेलेल्या बापाला न्हाई. मला. तुमच्या-माझ्या घरात ह्या पाण्याची चव आपल्या दोघांनाच ठावं हाय."

त्यानं नुसता हात पुढं केला, सुईसाठी करतात तसा, बाही वर सारून.

अनुजा आईवर रागावली, दोन आठवडे बोलली नाही. पण साथ चालू राहिली. कधी भर दुपारी डंकाच्या धडाडधूममध्ये बाईंचा फोन वाजायचा. "मामी, मन झालंय." त्या डंक बंद करायच्या, बाहेर पायरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "बोला." काय बोलायचं असं काही ठरलेलं नसायचं. तो ट्रॉलीच्या मापांचं सांगायचा, त्या मिरचीच्या वाणाचं सांगायच्या, आणि ती वेळ टळून जायची. एकदा फोन बाईंनीच केला. कशासाठी ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. भिंतीवरच्या चांदण्या पुन्हा एकेक करून आडव्या झाल्या. दिवाळी आली आणि गेली, संक्रांत गेली. अनुजा आता नवऱ्याबरोबर केंद्रात यायला लागली होती, पण दारातच बसायची.

फाल्गुनात मिरचीचा हंगाम सुरू झाला. विजयमालाबाईंना दोन दिवस कणकण होती. साथीदाराला ताप असेल तर त्या दिवशी जोडणी नाही, हा नियम त्यांना पाठ होता. म्हणून त्यांनी घरून निघताना तापाची एक गोळी गिळली आणि तोंड धुऊन, टवटवीत चेहरा करून खाटेवर येऊन पडल्या.

तासाभरानं डॉक्टर बागवान रक्ताचे आकडे बघत कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या. "मावशी, आज काही औषध घेतलंत?"

"न्हाई बा."

"मावशी."

"गोळी," बाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. "तापाची. एकच."

डॉक्टर रागावतील म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पण डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या यंत्राजवळ गेल्या, भांड्याच्या एका बाजूचं बघितलं, दुसऱ्या बाजूचं बघितलं. मग भिंत उजळली, धैर्यशीलच्या बाजूची. व्रण अजून होते, इथं तिथं पांढरे दोरे होते, गाठी पुरत्या गेल्या नव्हत्या. पण मधल्या भागात काठाकाठानं नव्या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या होत्या आणि हात चालावेत तशा चालत होत्या.

"इकडं या, सिस्टर," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मावशींच्या रक्तातली गोळी पलीकडं झिरपतेय. ते ठीक आहे. पण परत येतायत ते तिचे तुकडे. फोडलेले, निवळलेले. एवढे तुकडे मावशींच्या यकृताचे असूच शकत नाहीत."

"म्हणजे काय झालं?" धैर्यशील घाबरून उठायला लागला. "परत माझंच काही चुकलं का?"

"हलू नका! काही चुकलं नाही. तुमचं यकृत आज पहिल्यांदा दुसऱ्याचं काम करतंय. मावशींच्या अंगातलं औषध तुम्ही काढताय."

दारातली अनुजा उठून आत आली. ज्याला वर्षापूर्वी स्वतःचं रक्त निस्तरत नव्हतं, ते खडबडीत, डागाळलेलं यकृत भिंतीवर वरखाली होत होतं आणि विजयमालाबाईंच्या गोळीचा कण न् कण उचलून फोडत होतं. अनुजानं नवऱ्याच्या पायावर हात ठेवला. आपण काय बघतोय ते तिला नीट कळत नव्हतं, पण नजर हलत नव्हती.

धैर्यशीलच्या कानांवर पाणी ओघळलं. आजवर त्यानं या बाईंकडून घेतलं होतं, त्यांची लेक, त्यांची झोप, त्यांचं रक्त. दिलं काय, तर दारू. त्यानं मान वळवून सासूकडं पाहिलं आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मामी, अजून एक गोळी खाता का ओ?"

"अजिबात नाही!" डॉक्टर ओरडल्या.

"एक आलीया ती आधी नीट काढा, पाव्हणं," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मग बघू."

"बरं मामी," धैर्यशील म्हणाला, आणि भिंतीकडं बघत, हात जराही न हलवता, पडून राहिला.